हे ऊन कुठलं?

निसर्गचित्रांच्या कोणत्याही प्रदर्शनात शिरा, मुंबईत जहांगीरला किंवा पुण्यात बालगंधर्व कलादालनात, आणि भिंतीवरच्या प्रत्येक चित्रात किती वाजले आहेत ते बघत चला. बहुतेक चित्रांत सकाळचे सात-साडेसात झालेले असतात, नाहीतर संध्याकाळचे सहा. जुन्या वाड्याच्या भिंतीवर तिरपं सोनेरी ऊन, वाटेवर आडव्या पसरलेल्या लांब जांभळ्या सावल्या, मागे निळसर विरत गेलेले डोंगर. चित्रं देखणी असतात, हात सफाईदार असतो. पण सकाळी दहा ते दुपारी चार हा आपल्या दिवसाचा मोठा तुकडा त्या भिंतींवर जवळपास नसतोच. मळभ दाटलेला, सावल्याच नसलेला जुलैचा दिवसही क्वचित भेटतो. महाराष्ट्र ज्या उजेडात शेती करतो, बाजार भरवतो, रस्त्याने चालतो, तो उजेड त्याच्याच निसर्गचित्रांत अपवादाने उतरतो.

कुणी म्हणेल, ही चित्रकाराच्या आवडीनिवडीची बाब आहे. मला ती त्याहून गंभीर वाटते. निसर्गचित्रातला प्रकाश ही त्या जागेवरून फिरवलेली शोभा नसते. तो त्या जागेचा सर्वांत मूळ भाग असतो. झाड ओळखू येतं, घराची कौलं बरोबर आहेत, डोंगराची धार नेमकी आहे, पण उजेड दुसरीकडचा आहे, असं चित्र त्या जागेचं राहत नाही. आणि आपल्या निसर्गचित्रकलेतला बराचसा उजेड अजून उसना आहे.

हे पटवायचं तर आधी रंग नेमकं काय करू शकतात ते बघावं लागेल. भर उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स इतका प्रकाश पडतो. त्याच उन्हाचं जलरंगातलं चित्र संग्रहालयात टांगतात तेव्हा कागद आणि रंग टिकावेत म्हणून त्यावर साधारण ५० लक्सच प्रकाश सोडतात, म्हणजे दोन हजार पटींनी कमी. शिवाय पांढरा कागद आणि काळ्यात काळा रंग यांच्या उजळपणात पंचवीस-तीस पटींचंच अंतर असतं. बाहेर मात्र उन्हातला ढग आणि अंधाऱ्या दाराचा कोनाडा यांच्यातलं अंतर हजारो पटींचं असू शकतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८७१च्या सुमारास चित्रकलेवर दिलेल्या व्याख्यानांत हा पेच मांडला होता. वाळवंटातलं भर दुपारचं चित्र आणि चांदण्या रात्रीचं चित्र एकाच दालनात, एकाच उजेडात शेजारी टांगलेली असतात. दोन्हींत तोच पांढरा रंग असतो. तरी एकाकडे बघून डोळे दिपल्यासारखे होतात आणि दुसऱ्यात रात्र भासते.

याचा अर्थ उघड आहे. चित्रकाराला उजेड रंगवता येत नाही. त्याला फक्त उजेडाची नाती रंगवता येतात: आकाशाच्या मानाने जमीन किती गडद, भिंतीच्या उजेडातल्या बाजूच्या मानाने सावलीतली बाजू किती आणि कोणत्या रंगाची, जवळच्या झाडाच्या मानाने दूरचं झाड किती फिकं. क्लोद मोनेचं १८७२चं ‘इम्प्रेशन, सनराइज’ हे ल हाव्र बंदरातल्या पहाटेचं चित्र घ्या. त्यातला नारिंगी सूर्य धगधगताना दिसतो. पण त्या चित्राचा कृष्णधवल फोटो काढला तर सूर्य भोवतालच्या करड्या आकाशात जवळजवळ नाहीसा होतो. तो आकाशाहून उजळ नाहीच. मार्गारेट लिव्हिंगस्टोन या मज्जाशास्त्रज्ञ महिलेने ही गोष्ट दाखवून दिली आहे. मोनेने उजेड वाढवला नाही. रंगाचं नातं असं जुळवलं की आपल्या डोळ्याने त्यातून सूर्य घडवला.

चित्रातला प्रकाश म्हणजे नाती, एवढं मान्य केलं की पुढचा प्रश्न येतो: ही नाती ठरवतं कोण? अक्षांश ठरवतो, हवेतलं बाष्प आणि धूळ ठरवते, पायाखालची माती ठरवते. म्हणून ती जागोजागी वेगळी असतात.

सूर्याच्या उंचीपासून सुरुवात करू. लंडनमध्ये डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंशांवर असतो. तिथे माणसाची दुपारची सावली त्याच्या उंचीच्या साडेतीन पटींहून लांब पडते. आपण ज्याला ‘संध्याकाळचं ऊन’ म्हणून रंगवतो, ते तिथे हिवाळ्यात दिवसभर असतं. मुंबईत त्याच दिवशी दुपारी सूर्य ४७-४८ अंशांवर असतो आणि सावली माणसाहून आखूड असते. मे महिन्यात तर सूर्य डोक्यावर येतो आणि सावली काही क्षण पायाखालीच जाते. हा शून्य सावलीचा दिवस कोल्हापुरात पहिल्या आठवड्यात येतो, पुण्या-मुंबईत महिन्याच्या मध्याला, नागपुरात शेवटच्या आठवड्यात. मार्च-सप्टेंबरात, दिवस-रात्र सारखी असताना, उगवता सूर्य १५ अंशांपर्यंत चढायला मुंबईत तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो, लंडनला दीड तासाहून अधिक. आपल्याकडे तिरपं ऊन झपाट्याने येतं आणि झपाट्याने जातं. दिवसातल्या सर्वांत आखूड उजेडात आपण आपली जवळपास सगळी चित्रकला कोंबली आहे.

सूर्य उंच असला की चित्राची सगळी रचना बदलते. तिरपं ऊन उभ्या गोष्टींवर पडतं: भिंती, खोडं, माणसांचे चेहरे उजळतात आणि जमीन मध्यम उजेडात राहते. उंच सूर्य आडव्या गोष्टी उजळवतो: छपरं, अंगणं, झाडांचे माथे, बैलाची पाठ. उभ्या भिंती अर्धछायेत जातात आणि त्यांना उजेड मिळतो तो खालून, जमिनीवरून उसळून. म्हणून आपल्या दुपारच्या चित्रात जमीन फार महत्त्वाची असते. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या अंगणात उसळलेला उजेड तांबूस असतो, त्याची छटा ओटीच्या भिंतीवर आणि पन्हळीच्या खालच्या अंगावर दिसते. नांगरून ठेवलेल्या काळ्या रानात उजेड जमिनीतच जिरतो, तिथली सावली खरोखर खोल असते. किनाऱ्याच्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीचं पोट खालून उजळलेलं असतं. एकाच दुपारी एकाच महाराष्ट्रात सावलीचे हे तीन वेगळे रंग आहेत. ‘सावली म्हणजे थोडा निळा, थोडा जांभळा’ हा शिकवणीत मिळणारा ठोकताळा यांतल्या कुठल्याच सावलीला न्याय देत नाही.

झाडाखालचे कवडसे बघा. पानांमधल्या बारीक फटींतून आलेला प्रत्येक कवडसा ही सूर्याचीच प्रतिमा असते. म्हणून फटी वेड्यावाकड्या असल्या तरी कवडसे गोल पडतात आणि खंडग्रास ग्रहणात ते कोरीसारखे होतात. उंच सूर्यात ते गोल असतात, सूर्य कलला की लांबट होतात. वडाच्या पारावर लांबट कवडसे काढणाऱ्या चित्रकाराने, त्याला ठाऊक असो-नसो, घड्याळात संध्याकाळ लावलेली असते. चित्रातला उजेड असा प्रत्येक ठिकाणी साक्ष देत असतो.

दूरचं फिकं आणि निळं होत जातं, हा नियम लिओनार्दोने नोंदवला आणि रेले या शास्त्रज्ञाने १८७१ साली हवेतल्या कणांवरून होणाऱ्या निळ्या प्रकाशाच्या विखुरण्यातून त्याचं कारण दिलं. नियम खरा आहे, पण तो स्वच्छ हवेचा आहे. हवेत बाष्पाचे किंवा धुळीचे मोठे कण असले की सगळेच रंग सारखे विखुरतात आणि दूरचं निळं न होता पांढुरकं होतं. एप्रिलअखेर कोकणचं आकाश पांढुरकं असतं, मराठवाड्याचं क्षितिज पिवळट राखाडी. ऑक्टोबरात पावसाने धुतलेल्या हवेत सह्याद्रीचा दूरचा कडाही धारदार दिसतो. मेमधल्या चित्रात निळे डोंगर लावले की ऋतूच खोटा होतो.

मग हे तिरपं सोनेरी ऊन आपल्या चित्रांत आलं कुठून? त्याचा प्रवास बऱ्यापैकी सांगता येतो. सतराव्या शतकात रोममध्ये स्थायिक झालेल्या क्लोद लोरेनने रोमभोवतीच्या मैदानांचा सकाळ-संध्याकाळचा उजेड रंगवला आणि तो इंग्रज रसिकांना आदर्श वाटू लागला. अठराव्या शतकात रिचर्ड विल्सनने तो इंग्रजी निसर्गचित्रात रुजवला. विल्सनचा शिष्य विल्यम हॉजेस १७८० ते १७८३ या काळात भारतात फिरला आणि त्याने भारतीय दृश्यांच्या प्रती छापल्या. पाठोपाठ थॉमस आणि विल्यम डॅनिएल हे काका-पुतणे आले. त्यांच्या ‘ओरिएंटल सीनरी’ या १४४ चित्रांच्या संचाने भारत कसा दिसतो ते युरोपला सांगितलं. हॉजेसला न्याय द्यायचा तर हेही सांगायला हवं की कॅप्टन जेम्स कूकच्या दुसऱ्या सागरी सफरीवर ताहितीत असताना त्याने उष्ण कटिबंधातल्या प्रखर उजेडाशी मनापासून झटापट केली होती. पण या सगळ्यांतून जी अभिरुची मागे राहिली, तिच्यात देऊळ आणि वड भारतातले होते आणि त्यांवरचा मऊ, कललेला उजेड रोमच्या परिसरातून इंग्लंडमार्गे आलेला होता.

मुंबईत १८५७ साली जे.जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. पुढे सेसिल बर्न्स प्राचार्य असताना तिथे इंग्रजी पद्धतीच्या जलरंगातल्या निसर्गचित्रणाला जोर आला. त्यातून आपल्याला एक समृद्ध परंपरा मिळाली, तिचं ऋण मोठं आहे. पण तंत्राबरोबर हवामानही येतं. पारदर्शक रंगाचे सावकाश पसरत, एकमेकांत मिसळत जाणारे वॉश हे ओल्या हवेच्या बेटावर घडलेलं तंत्र आहे. आपल्या पावसाळ्याला ते अप्रतिम जुळतं. एप्रिलच्या उघड्या माळावर मात्र वॉश टाकून ब्रश पाण्यात बुडवेपर्यंत कागद सुकलेला असतो. तंत्र ज्या वेळेला चालतं ती वेळ चित्रकार निवडतो, आणि हळूहळू तीच वेळ सुंदर ठरते.

इंग्लंडमध्येही उसन्या उजेडाविरुद्ध भांडावं लागलं होतं. जॉर्ज ब्यूमाँट या वजनदार कलारसिकाने जॉन कॉन्स्टेबलला सल्ला दिला की चित्राचा एकूण रंग जुन्या व्हायोलिनच्या तपकिरीसारखा असावा. जुन्या उस्तादांच्या वार्निश पिवळ्या पडलेल्या चित्रांवरून ही कल्पना आली होती. कॉन्स्टेबलने एक जुनं व्हायोलिन घेतलं आणि घरासमोरच्या हिरव्या गवतावर नेऊन ठेवलं. वाद तिथेच संपला. हाच कॉन्स्टेबल १८२१-२२मध्ये हॅम्पस्टेडच्या टेकडीवर उभा राहून ढगांचे अभ्यास करत होता आणि पुष्कळदा चित्रामागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहीत होता. त्याचं ‘द हे वेन’ १८२४मध्ये पॅरिसला गेलं आणि सुवर्णपदक घेऊन आलं. आपल्या गावची हवा नेमकी पकडणाऱ्या माणसाकडून परदेशी चित्रकार शिकले.

वसाहतीतल्या चित्रकारांनीही हे करून दाखवलं आहे. ऑस्ट्रेलियात पिढ्यान्‌पिढ्या निलगिरीची झाडं इंग्रजी ओकसारखी रंगवली जात होती. टॉम रॉबर्ट्स, आर्थर स्ट्रीटन आणि त्यांचे मित्र मेलबर्नबाहेरच्या माळांवर जाऊन राहिले, १८८९ साली सिगारच्या पेट्यांच्या फळ्यांवर झटपट केलेल्या चित्रांचं प्रदर्शन त्यांनी भरवलं, आणि त्या देशाचा कोरडा निळा-पिवळा उजेड पहिल्यांदा ठामपणे चित्रात आला. स्ट्रीटनने १८९६ साली हॉक्सबरी नदीचं भव्य चित्र केलं, तेही भर दुपारच्या उन्हातलं. स्पेनच्या सोरोयाने व्हॅलेन्सियाच्या समुद्रकिनाऱ्यावरचं डोळे दिपवणारं ऊन आयुष्यभर रंगवलं. कडक ऊन चित्राला मारक असतं, हा समज या लोकांनी केव्हाच खोडून काढला.

आपल्याकडेही आपल्या उजेडापर्यंत पोचलेले चित्रकार आहेत, आणि त्यांच्याकडे आपण पुरेसं बघितलेलं नाही. आबालाल रहिमान जे.जे.त शिकले आणि कोल्हापूरला परतले. पंचगंगा, कोटितीर्थ, रंकाळ्यातला संध्यामठ हीच त्यांची दुनिया झाली. १९३१ साली त्यांचं निधन होईपर्यंत त्यांनी त्याच पाण्यावर, त्याच झाडीवर उजेड कसा पडतो ते पुन्हापुन्हा पाहिलं. रंगाचे छोटे फटकारे शेजारी शेजारी ठेवत त्यांनी पाण्यालगतच्या हवेचा ओलसर उजेड बांधला. एकाच जागेवर अशी मुळं रोवल्यावर बाहेरचा उजेड आणता येत नाही, कारण खोटं लगेच उघडं पडतं. पुढे प्रल्हाद अनंत धोंडांनी कोकणचा किनारा जलरंगात केला. मोजके वॉश, मोठं आकाश, ओली वाळू, आणि उजेडाच्या जागी कोरा कागद. कोकणची बाष्पाने भरलेली हवा कडा कशा पुसते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांचं कमी रंगवणं खरं वाटतं.

सावळाराम हळदणकरांचं म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं दिवा हातात घेतलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र लोक गर्दी करून बघतात. ते थोर आहेच. पण ज्योतीचा उजेड एका जागेवरून येतो आणि भोवती अंधार असतो, त्यामुळे नाट्य त्यातच असतं. दिवसाचा उजेड सूर्याकडून येतो, आकाशाकडून येतो, जमिनीकडून उसळतो, शेजारच्या भिंतीवरून परततो. तो पकडायला जास्त कठीण आहे आणि त्याचं कौतुक आपण कमी करतो.

आणखी एक परंपरा इथे आठवली पाहिजे. आपल्या जुन्या लघुचित्रांत वस्तूंच्या पडलेल्या सावल्या जवळजवळ नसतात. बारामासाच्या चित्रांत महिना कळतो तो आकाशाच्या रंगावरून, ढगांवरून, फुललेल्या झाडांवरून. युरोपीय नजरेला ही उणीव वाटली. पण जुलै-ऑगस्टमध्ये ढगाने भरलेल्या आकाशाखाली उभं राहिलं की सावल्या खरोखरच नाहीशा झालेल्या असतात, प्रत्येक वस्तू आपल्या पूर्ण रंगात उजळते आणि भिजलेली जमीन आकाशाचाच तुकडा होते. ते चित्रकार अशाच उजेडाची नक्कल करत होते असा माझा दावा नाही. उजेड दाखवायला सावली लागतेच असं नाही, एवढं मात्र ती चित्रं सिद्ध करतात, आणि पावसाळा रंगवू पाहणाऱ्याला याहून मोलाचा धडा दुसरा नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की चित्र म्हणजे हवामानखात्याची नोंद नव्हे, चित्रकाराला मनातला उजेड रंगवण्याचं स्वातंत्र्य आहे. ते आहेच. मनातल्या उजेडाचीही स्वतःची नाती असतात आणि थोर चित्रकार ती काटेकोरपणे पाळतो. इंग्रज चित्रकार टर्नरच्या उजेडातलं सोनं कुणाचं उसनं वाटत नाही. माझा आक्षेप सवयीला आहे. ज्याने दुपार कधी रंगवून पाहिलीच नाही, त्याने संध्याकाळ निवडली असं म्हणता येत नाही. त्याच्याकडे ती आयती आली.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे: दुपारी उन्हात बसणार कोण, फोटो काढून घरी करता येतं. फोटोबद्दल मला आकस नाही, पण उजेडाच्या बाबतीत तो फसवतो. आपला डोळा उन्हातून सावलीकडे वळताना जुळवून घेतो आणि सावलीतले रंग वेचतो. साध्या कॅमेऱ्यात सावली काळी पडते किंवा आकाश जळून पांढरं होतं. नवे फोन अनेक फोटो एकत्र करून दोन्ही सांभाळतात, पण तेव्हा ऊन आणि सावली यांतलं अंतरच मिटतं. पहिल्या प्रकारात नातं ताणलेलं असतं, दुसऱ्यात सैल झालेलं. चित्राचा सगळा आधार ज्या नात्यावर आहे तेच बिघडलेलं हाती आलं, तर घरी बसून कितीही कौशल्य ओतलं तरी ऊन परत येत नाही. फोटोवरून झालेली चित्रं त्यांच्या मेलेल्या काळ्या सावल्यांवरून ओळखू येतात, ते यामुळेच.

राहिला तिसरा आक्षेप: दुपार सपाट असते, रटाळ असते. सपाट ती फक्त तिरप्या उन्हाची अपेक्षा घेऊन गेलेल्याला वाटते. छपरांचा पांढरा तडाखा, त्यांखाली उजेडाने भरलेल्या सावल्या, झाडाच्या बुंध्याशी गोळा झालेला काळोख, उष्म्याने थरथरणारी क्षितिजरेषा, रिकामी गल्ली: यात नाट्य नाही असं कसं म्हणावं? ते वेगळ्या जातीचं आहे, आणि त्याच्यासाठी वेगळी रंगयोजना घडवावी लागेल. ते काम अजून व्हायचं आहे, आणि आजच्या तरुण चित्रकारापुढची ती सर्वांत मोठी संधी आहे.

हे काम आताच का व्हायला हवं, यालाही कारण आहे. २०२३ साली ॲना ली अल्ब्राइट आणि पीटर हायबर्स या अभ्यासकांनी टर्नर आणि मोने यांच्या चित्रांतल्या कडांचा धूसरपणा आणि पांढुरकेपणा मोजला आणि तो एकोणिसाव्या शतकातल्या लंडन-पॅरिसच्या वाढत्या धुराशी जुळतो, असं दाखवून दिलं. चित्रकारांनी हवा जशी होती तशी पाहिली, म्हणून दीडशे वर्षांनी त्यांच्या चित्रांतून हवेचा इतिहास वाचता आला. सूत्राने रंगवलेल्या उजेडातून कुणालाच काही वाचता येणार नाही. आपल्या डोळ्यांदेखत मुंबईचा हिवाळा धुरकट होतो आहे, डोंगर कापले जात आहेत, मातीच्या अंगणांच्या जागी सिमेंट आल्याने खालून उसळणाऱ्या उजेडाचा रंगही पालटतो आहे. या बदलाचे सर्वांत बारकाईने बघणारे साक्षीदार चित्रकारच असू शकतात, पण त्यासाठी त्यांनी तिथे असायला हवं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कलाशाळांनी बाह्य चित्रणाचे तास सकाळ-संध्याकाळपुरते न ठेवता वर्षातून काही वेळा भर दुपारी आणि भर पावसात घ्यावेत, आडोसा करून, पाणी बरोबर घेऊन. एकाच जागेचं चित्र मार्च, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये करून घ्यावं आणि तिन्ही शेजारी ठेवून चर्चा करावी. प्रत्येक अभ्यासचित्रामागे कॉन्स्टेबलप्रमाणे तारीख, वेळ आणि हवा लिहिण्याची सवय लावावी. प्रदर्शनात चित्राखाली गावाच्या नावाबरोबर महिना आणि प्रहरही छापावा. परीक्षकांनी रंगसफाईच्या आधी एक प्रश्न विचारावा: हे ऊन कुठलं? ज्या चित्राला याचं उत्तर देता येईल, त्यात झाड थोडं चुकलं, भिंत थोडी वाकडी झाली तरी ते चित्र खरं असेल. आपल्याला आपला देश दाखवण्याचं काम तेच करेल.